पाणंद मागणाऱ्या डॉक्टरबाई

शाळेत तपासणीला आल्या की डॉक्टर शमीम मुलाणी वजनकाट्यावर आधी स्वतः चढायच्या. अंगाने चांगल्या भरलेल्या, कपाळावर घाम, ओढणी कमरेला खोचलेली. "वाचा रे मोठ्यानं," म्हणायच्या. पोरं आकडा ओरडायची, हसायची आणि त्या पोरांहून जास्त हसायच्या. मग कोपऱ्यात चादर बांधून घ्यायच्या. "माझं वजन सगळ्या गावाला सांगा. पण तुमचं फक्त तुमाला आन् मला. कळलं?"

हिंजवडी आणि कासारसाईच्या मधल्या आमच्या गावात मी सहावीला शिकवते. डॉक्टरबाई पौडच्या. सरकारी तपासणी पथकात होत्या. नोकरीला लागल्या तेव्हा त्या दंडाला मोजपट्टी लावून रोडावलेली मुलं शोधायच्या. "आता त्याच गावात दुसरीच पोरं शोधायला लागतात," असं त्यांनी मला एकदा डबा खाताना सांगितलं. "जिन्यावर धापा टाकणारी. पण बाई, पोरांचा त्यात काय गुन्हा? खेळायला जागा आपण ठेवली न्हाई, आन् हातात बिस्किटाचा पुडा आपणच दिला."

माझ्या वर्गातली आर्या तपासणीच्या दिवशी हमखास गैरहजर असायची. मुलं तिला एका प्राण्याच्या नावाने हाक मारत. मी रागावले की तेवढ्यापुरती थांबत. त्या वर्षी तर ती लंगडीच्या तासालाही वर्गात डोकं टेकून बसायला लागली आणि मग शाळेतच येईना. डॉक्टरबाईंना हे सांगितलं, तशा त्या काटा पथकाच्या गाडीत ठेवून म्हणाल्या, "चला, तिच्या घरी जाऊ. काटा नको, नुसत्याच जाऊ."

आर्याचे आजोबा बबन आबा ओसरीवर बसले होते. जमीन विकून बांधलेला बंगला, दारात मोठी गाडी. आर्या दाराआड उभी होती. आबांनी चहा मागवला, पण विषय निघताच आवाज चढवला. "आमी उपाशी दिवस काढले. आमची नात पोटभर खाती, त्यात तुमाला काय दुखतंय?"

"खाऊ द्या की," बाई म्हणाल्या. "पण ती शाळंत कशी जायची?"

"गाडीतनं. रस्त्यावर डंपर बघितले न्हाईत का? पोर काय चालत पाठवू?"

"मग पाणंदीनं पाठवा."

गावातून शाळेपर्यंत जाणारी ती जुनी पायवाट मलाही ठाऊक होती. कंपन्यांच्या गाड्या लावायला आबांनी तिथली जागा भाड्याने दिली होती आणि पत्रे ठोकून पाणंद बंद केली होती. आता ते खरंच भडकले. "डॉक्टरबाई, तुमी आदी सवता बारीक व्हा, मंग लोकांना शिकवा!"

मला कुठे तोंड लपवू असं झालं. डॉक्टरबाई मात्र खदखदून हसल्या. "त्येच तर म्हणतीया, आबा! मला बी चालायला जागा कुटं हाय?"

दाराआडून खुदकन हसू आलं. आर्याचं. आबांनी वळून पाहिलं. नात कितीतरी दिवसांनी हसली होती.

त्यानंतर आबांचा आवाज उतरला. बाईंनी त्यांना लहानपणीची शाळा विचारली आणि ते सांगतच राहिले. पाणंदीनं पळत जायचो, वाटेत करवंदं खायचो, मास्तर दारात उभे असायचे. बोलता बोलता ते मध्येच थांबले आणि चहा घ्या म्हणाले.

पुढच्या आठवड्यात एक पत्रा निघाला. पोर आणि दप्तर जाईल एवढीच फट. डॉक्टरबाई मुलांबरोबर चालून बघायला मुद्दाम आल्या आणि त्या फटीत अंग तिरकं करूनही अडकल्या. पोरांनी त्यांना मागून ढकललं, पुढून ओढलं. पलीकडे आबा उभे होते. हसू दाबत गड्याला म्हणाले, "आरं, अजून एक पत्रा काड. डॉक्टरबाईंच्या मापाचा रस्ता करा." तेव्हापासून गावातली बहुतेक मुलं पाणंदीनेच येतात. पुढे आबा चालतात. डॉक्टरबाई आल्या की मध्येच थांबायच्या आणि म्हणायच्या, "थांबा रे, इंजिन तापलं."

आर्या काही काडीसारखी झाली नाही. पण लंगडीत तिचा पाय टेकत नाही आणि ती कुणालाही बाद करते. चिडवणारी पोरं आता आपल्या संघात तिला घ्यायला भांडतात. "वजनाचं बघू सावकाश," बाई म्हणायच्या. "पोर मैदानात आली, हे मोठं."

गेल्या वर्षी त्यांची बदली लांबच्या तालुक्यात झाली. निरोपाच्या दिवशी सगळ्यात जास्त त्याच रडल्या आणि सगळ्यात जास्त त्याच हसल्या. परवा मधल्या सुट्टीत त्यांचा फोन आला. त्यांनी कुणाचं वजन विचारलं नाही. "पोरं खेळत्यात न्हवं?" एवढंच विचारलं. मी खिडकीतून फोन मैदानाकडे धरला. बाहेर नुसता कल्लोळ चालला होता. थोड्या वेळाने फोन कानाला लावून मी म्हटलं, "ऐकलंत?"

"फोन परत तिकडं धरा, बाई," त्या म्हणाल्या. "जरा आजून ऐकू द्या."