पोरीच्या हातातली मोटर

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शाहूपुरीत माझं मोटर दुरुस्तीचं दुकान होतं. शेतातले जळालेले पंप यायचे, मी आतली तार नव्यानं गुंडाळून, म्हणजे वाइंडिंग करून द्यायचो. थोरली पोरगी सातवीपासून शाळा सुटली की थेट दुकानात. तांब्याच्या तारेचे वेढे मोजत बसायची. दहावीपर्यंत माझ्यापेक्षा नेटकं काम करायला लागली. मी कौतुकानं गिऱ्हाइकांना दाखवायचो.

अन् हाच मी, ती "पप्पा, मला आयटीआयला जायचं हाय" म्हणाली तेव्हा उसळलो. कारण आदल्याच दिवशी माझा मोठा भाऊ दुकानात चार माणसांसमोर म्हणाला होता, "पोरीच्या हाताला ग्रीस लावतोस व्हय रं? कोण करून घेणार तिला?" त्याच्यापुढं माझं तोंड उघडलं नाही. तो राग मी पोरीवर काढला. "उद्यापासनं दुकानात पाय ठेवायचा न्हाय!" वर तिला आर्ट्सला घातलं.

ती माझ्याशी बोलेनाशी झाली. अकरावीत दोन विषय उडाले. मी निकालाचा कागद तिच्यापुढं आपटला. ती शांतपणे म्हणाली, "मग मला वाइंडिंग शिकवलंसा कशाला?"

भाकरी थापत बायको म्हणाली, "पोरगी हाय तशीच हाय. जीभ तुमची फिरली."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण दोघी खरं बोलत होत्या. त्याच आठवड्यात आयटीआयचा फॉर्म आणला. भाऊ पुन्हा तेच बोलायला आला. म्हटलं, "दादा, चहा घ्या अन् उठा. माझ्या पोरीचं मी बघतो." वर्षभर तो फिरकला नाही.

ती शिकून दुकानात बसली, तेव्हा राधानगरीकडचं एक गिऱ्हाईक विचारू लागलं, "मोटर ही पोरगी करणार?"

"हीच करणार, पावणं. नको असंल तर उचला."

त्यानं खरंच उचलली. मी शिव्या हासडणार, तोवर पोरगी म्हणाली, "जाऊ दे की पप्पा, दुसरी मोटर हाय." आणि कामाला लागली.

तिचं एक वर्ष मी फुकट घालवलं. त्याबद्दल तिनं मला कधीच टोचलं नाही. माझा राग मात्र गेला नाही, अन् तो भावावर नाही, माझ्यावरच आहे. पुढं धाकट्या पोरानं "मला दुकान नको" म्हटलं तेव्हाही डोकं तापलंच. पण आधी तांब्याभर पाणी प्यालो, मग म्हटलं, "बरं, बस. काय करायचं हाय तुला?"