चार उघडी दारं

वर्षातून एक दिवस, डिसेंबरात, येलेना आजी बंगल्याची चारही दारं सताड उघडी ठेवायची. डहाणूच्या समुद्राचा वारा आत घुसून मेणबत्ती विझवायला बघायचा. ती तळहात आडवा धरून बसायची, पण दार लावायची नाही.

आई तिच्या चिकूवाडीत कामाला होती. आम्ही रानशेतच्या पाड्यावरची माणसं, मागच्या दाराने जायची सवय. पहिल्या वर्षी आम्ही तिथेच घुटमळलो, तेव्हा ती ओरडली, "आज मागचं-पुढचं काही नाही! बसा, गहू खा."

ती सर्बियाची. बोटीवर नोकरी करणाऱ्या डहाणूच्या माणसाशी लग्न करून आलेली. मूलबाळ नव्हतं, नवराही वारला होता. मी कॉलेजात जायला लागल्यावर ती मला तिच्या गावाबद्दल सांगायची. स्रेम्स्की कार्लोव्त्सी. डॅन्यूब नदी, दोन मनोऱ्यांचं चर्च, सिंहांच्या तोंडातून पाणी पडणारं कारंजं. आणि टेकडीवर चार दारांचं गोल प्रार्थनाघर. तिथे म्हणे शत्रू तहाला बसले होते, तेव्हा आधी आत कोणी शिरायचं यावरून अडलं, म्हणून चार दारं.

"आजी, या दारांनी चोरपण येतील," शेजारी चिडवायचे.

"येऊ दे. गहू खाऊन जातील."

तो तिच्या घराण्याच्या संताचा सण होता. शिजवलेल्या गव्हात साखर आणि अक्रोड घालायचे आणि घरातल्या मेलेल्यांची नावं घ्यायची. ती नावं ती भराभर, पुटपुटत घ्यायची. "आम्हीपण पितरांना घास काढतो," आई म्हणाली, तेव्हा आजीने तिचा हात बराच वेळ सोडला नाही.

दरवर्षी माणसं कमी होत गेली. २०१८ साली ती अंथरुणातून उठू शकत नव्हती. दारं मी उघडली. आमच्याशिवाय कोणीच आलं नाही. नावं घेऊन झाल्यावर ती म्हणाली, "ही नावं संपली. माझं कोण घेणार?"

"असं काय बोलता, आजी? आम्ही आहोत ना," आई म्हणाली.

आजीने माझं मनगट धरलं. "मग म्हण. आत्ता. मला ऐकू दे."

जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत कसं घ्यायचं? ती वाट बघत राहिली. मग तिने मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "बरं. नंतर म्हण."

पुढच्या पावसाळ्याआधी ती गेली. नवऱ्याच्या पुतण्याने बंगल्याला कुलूप लावलं.

त्या डिसेंबरात मी घरी गहू शिजवले. अक्रोड नव्हते, शेंगदाणे घातले. आमच्या घराला एकच दार. ते आईने उघडं धरलं. मी म्हटलं, "येलेना."

आई हळूच म्हणाली, "तिच्या आईबापाचं? भावाचं? घे ना."

मी खूप आठवून पाहिलं. मला फक्त तिचं पुटपुटणं आठवत होतं, आणि मेणबत्तीपुढचा हात. नाव एकही नाही. आई दार धरून उभीच होती.