सर्व्हर रूममधला स्टीलचा डबा

मे महिन्यात आमच्या ऑफिसातली सगळ्यांची लाडकी खोली म्हणजे सर्व्हर रूम. तेलीबांध्याच्या आमच्या त्या जुन्या इमारतीत बाकी हॉलला दोन कूलर, तेही घुरघुर जास्त आणि वारा कमी. सर्व्हर रूममध्ये मात्र एसी चोवीस तास अठरावर. तो मशीनसाठी आहे हे फक्त मलाच पटलेलं होतं. बाकीच्यांच्या मते कंपनीने तो दही ठेवायला लावला होता. रॅकच्या मागे जेवणाचे डबे, खाली आंब्यांची पिशवी, एकदा तर कोणाच्या तरी लग्नाचे हार! "अरे बाप्पा, हे काय फ्रिज आहे का?" म्हणून मी ओरडायचो. लोक हसत डबा उचलायचे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोपऱ्यात ठेवायचे.

त्या डब्यांमध्ये एक स्टीलचा डबा वर्षभर एकाच जागी असायचा, मागच्या भिंतीशी, फडक्यात बांधलेला. तो आमच्याकडे झाडूपोछा करणाऱ्या बाईचा. ती मूळची गोंदियाकडची, राहायला बीरगांवला. इथल्या रीतीप्रमाणे सगळ्यांशी हिंदीत बोलायची, माझ्याशी मराठीत. त्या डब्यात तिच्या नवऱ्याचं इन्सुलिन असायचं. घरी फ्रिज नव्हता, म्हणून चालू शिशी गार पाण्याच्या मडक्यात आणि महिन्याच्या बाकीच्या शिश्या इथे. हे तुम्हाला आधीच सांगून टाकतो. मला ते तेव्हा माहीत नव्हतं, कारण मी वर्षभरात एकदाही विचारलं नाही.

त्या मेमध्ये दोन नवे सर्व्हर आले. आमची कंपनी सळया बनवते. कोणता ट्रक कुठला माल घेऊन निघाला, कोणता कामगार कोणत्या पाळीला आहे, हे सगळं एका डेटाबेसमध्ये असतं, आणि तो डेटाबेस ज्या जुन्या मशीनवर होता ती आता माझ्यासारखीच झाली होती, उठताना कण्हणारी. नव्या दोन मशीनपैकी एकीने काम करायचं आणि दुसरीने तीच माहिती जवळ बाळगून तयार बसायचं. पहिली पडली की दुसरीने उभं राहायचं. दोन्हींवर युनिक्स ही सिस्टीम टाकणं, डिस्कचे भाग पाडणं, डेटाबेस कुठल्या युजरच्या नावाने चालेल आणि त्याला किती मेमरी मिळेल ते आकडे भरणं, हे सगळं माझ्या गळ्यात. वय त्रेपन्न, चष्म्याचा नंबर वाढलेला, आणि मदतीला कोणी नाही. काम अवघड नव्हतं, किचकट होतं. घर बदलताना भांडी मोजून पोत्यात भरावी लागतात, तसं. शंभर बारीक गोष्टी, आणि एक सुटली की सगळं बसलं.

या कामात माझा एक नियम आहे. काहीही पुसायच्या आधी आत काय आहे ते उघडून पाहायचं. जुनं फोल्डर असो, रिकामी वाटणारी डिस्क असो, आधी पाहायचं, वहीत लिहायचं, मगच हात लावायचा. तरुणपणी एकदा न पाहता पुसलं होतं. काय पुसलं ते सांगत नाही, अजून लाज वाटते. तेव्हापासून नवीन माणसाला मी पहिली हीच गोष्ट सांगतो, आणि तो विसरला तर चारचौघात झापतो.

सहाव्या दिवशी माझं डोकं फिरलं. पहिली मशीन नीट चालली, पण दुसरीवर डेटाबेस उठेचना. तेच आकडे, तेच सगळं, आणि ही बया म्हणे मेमरी पुरत नाही. सकाळपासून तीन तास मी एकेक ओळ ताडून पाहत होतो. डोळे चुरचुरत होते, मान धरली होती, पाठ तर केव्हाच गेली होती. त्यात हेड ऑफिसचा फोन. नव्या नियमाप्रमाणे सर्व्हर रूम मोकळी हवी, बाहेरचं काही आत नको, फोटो काढून बारा वाजायच्या आत पाठवा.

मी उठलो आणि एक मोठा खोका घेतला. दह्याचे डबे, बाटल्या, आंबे, जे हाताला लागलं ते त्यात कोंबलं. फडक्यात बांधलेला स्टीलचा डबाही. दारात पोछा घेऊन ती बाई उभी होती. म्हणाली, "भैया, तो डबा..."

"एक शब्द नको!" मी हॉलभर ऐकू जाईल असा ओरडलो. "कोणाचं काही ऐकायचं नाही मले आज. काम करून राहिलो इथं, दिसत नाही का? ज्याचं त्यानं संध्याकाळी घ्या!"

खोका गॅलरीत ठेवला. गॅलरीचं दार उघडं राहिलं की झळा आत येतात, म्हणून कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. सर्व्हर रूमचं दार आतून लावून घेतलं, फोटो पाठवले, आणि पुन्हा आकड्यांत डोकं घातलं.

अडीच वाजता सापडलं. एका आकड्यात मी एक शून्य कमी टाकलं होतं. एक शून्य, बाप्पा! शून्य टाकलं, मशीन पुन्हा चालू केली, आणि डेटाबेस गुमान उठला. मला आनंदसुद्धा झाला नाही. खुर्चीत मागे टेकून डोळे मिटून बसलो.

पाच वाजता गॅलरी उघडली. दह्याचं काय झालं होतं ते सांगायला नको. "सरांनी आंबे पिकवून दिले," म्हणून लोक हसत होते. बाई शेवटी आली. स्टीलचा डबा हाताला चटका देत होता, म्हणून तिने तो पदरात धरला. हे मी पाहिलं. पाहिलं आणि बॅग उचलून घरी गेलो.

दोन आठवड्यांनी जुनी मशीन बंद केली. पहिली नवी मशीन मुद्दाम पाडून पाहिली, आणि दुसरी लगेच उभी राहिली. कोणाचं काम क्षणभरही अडलं नाही. साहेबांनी पेढे आणले. त्याच दिवशी बाई पाच दिवसांच्या सुटीनंतर कामावर आली होती. पेढा द्यायला गेलो आणि आपला सरळ विचारून बसलो, "काहून नाही आली वं इतके दिवस?"

"आमचे हे भरती होते भैया, सरकारी दवाखान्यात. शुगर लय वाढली. पायाले जखम होतीच, ते चिघळली. दोन बोटं काढली." पेढा तिने हातातच ठेवला. "डॉक्टर म्हणे, खराब झालेलं इन्सुलिन देऊन राहिली तू."

तिचा नवरा उरला भागातल्या एका कारखान्यात पहारेकरी. रात्रभर पायी फेऱ्या मारायचं काम. मला ते माहीत होतं. डब्याचं तेवढं माहीत नव्हतं, आणि आता सगळं एकदम माहीत झालं.

"त्या डब्यात ते होतं?"

"हव."

"मग सांगितलं काहून नाही मले?"

"सांगूनच राहिली होती नं भैया. तुम्ही रागात होते."

"पण संध्याकाळी डबा तापलेला होता, तुलेही समजलं असेल. तरी दिलं कायले त्याले?"

तिने खाली पाहिलं. "नव्या शिश्या भेटाले वीस दिवस होते. फेकून काय देऊ? मले वाटलं, थोडं तरी लागू पडल."

मी माफी मागितली. हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, कारण ओरडलो होतो तेही सगळ्यांसमोरच. ती संकोचली, "जाऊ द्या नं भैया," म्हणत बादली उचलायला लागली. मला स्वतःचा इतका राग त्याआधी कधी आला नव्हता. रिकाम्या फोल्डरमध्ये दहा वेळा डोकावणारा मी, आणि समोरच्या डब्याचं फडकं सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसला न विचारता मी एसीच्या बाजूच्या कपाटातला एक खण रिकामा केला. तिला आत बोलावलं, खण दाखवला, दार उघडायचं कार्ड पुढे केलं. म्हटलं, "हा तुझा. मी असो नसो, केव्हाही ये, कोणाले विचारायचं नाही."

तिने खणाकडे पाहिलं, मशीनच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हसली थोडी. कार्डाला हात लावला नाही.

"नको भैया. शेजारीण हव म्हणाली, तिच्या फ्रिजमध्ये ठेवून राहिली मी. लाइट गेली तर मडकं आहेच." आणि जाता जाता, अगदी साध्या आवाजात, "इथं मले भेव वाटते."

तो खण अजून रिकामाच आहे.