बरगडीखालची कळ

"मेंढ्यांचा अनुभव मेंढ्यांवर चालव, म्हाताऱ्या. हा दवाखाना आहे, मेंढवाडा नाही."

डॉक्टर हसला. बाकड्यावरची माणसंबी हसली. माझी लेक पोट धरून वाकलेली. आठवा महिना.

घोड नदीकाठच्या एका गावातला खाजगी दवाखाना. आम्ही धनगर. बापानं मेंढरं हिंडवली, मी जमीन कसतो, तरी गावाच्या नजरेत आम्ही अजून मेंढरामागचेच. मी एवढंच म्हणलो होतो, "सायेब, गाभण मेंढी खायची थांबली, डोकं टाकून उभी राहिली, की आमी समजतो, ही हातची जाणार. लेकीचं डोकं ठणकतंय, तोंड सुजलंय, डोळ्यापुढं अंधारी येती. बरगडीखाली कळ हाय. नीट बघा."

त्यानं नाडीसुद्धा धरली न्हाई. प्रेशरचं मशीन त्याच्या कोपरापाशी होतं. "तिखट कमी खा," म्हणाला, आन् तिसऱ्यांदा त्याच पित्ताच्या गोळ्या. आमच्या आधी आलेल्या बागायतदाराच्या सुनेला मात्र खुर्ची दिली, मशीन लावलं. मी दारातनं बघितलं.

बघितलं आन् गप बसलो. हे माझं पाप. अजून एक हाय. मेंढीचं पोट फुगलं की आम्ही खायचा सोडा पाजतो. घरी येऊन लेकीला तेच पाजलं, ताकात मीठ कालवून. जळजळ घटकाभर थांबायची. मला वाटायचं, उतार पडला.

चौथ्या दिवशी सकाळी ती चुलीपाशी पडली. दात आवळले, हातपाय झाडले. जीभ चावली. तोंडातनं रक्त. उचलून त्याच दवाखान्यात नेली, तेवढंच जवळ. टेबलावर परत झटका. तवा कुठं मशीन लावलं. आकडा बघून डॉक्टरचं तोंड पांढरं पडलं.

"दौंडला हलवा," म्हणाला. पण कंपाउंडरनं आधी कागद पुढं केला, शाईची डबी उघडली. "अंगठा दे. मग चिठ्ठी."

मी दुसरी शिकलोय. बोट ठेवून वाचतो, पण वाचतो. लिहिलं होतं, घरच्यांनी तपासणीस नकार दिला.

"वाचत काय बसलास? लेक मरेल तुझी!" डॉक्टर ओरडला.

मी शाईची डबी भिंतीवर फेकली. काठीनं टेबलाची काच फोडली. कॉलर धरून त्याला भिंतीला लावला. "नकार कुणी दिला? बोल! कुणी दिला?" तो लटलट कापत होता. बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? अजून दाबावंसं वाटलं. मग टेबलावरनं लेकीचं कण्हणं ऐकू आलं. सोडला त्याला. कागद खिशात कोंबला. लेक खांद्यावर घेतली, मेंढरं वाहायच्या पिकअपमधी निजवली. जावयानं भीमेचा पूल कवा गाठला, कळलं न्हाई.

दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी लेक वाचवली. नात पोटातच गेली होती.

बाईंनी दोन दिवसांनी मला खुर्चीवर बसवून सांगितलं. "बाबा, तिच्या जठरात जंतू आहेत. जळजळ त्यांची असेल, औषध देते. पण बरगडीखालची कळ गरोदरपणात वाढलेल्या प्रेशरची होती, झटकेही त्याचेच. जंतूंमुळं प्रेशर वाढलं का, ते मला नक्की सांगता येणार नाही. मशीन लावलं असतं तर वेळेत कळलं असतं, एवढं नक्की."

सोड्याचं मी आपणहून सांगितलं. मीठ-सोड्यानं प्रेशर अजून चढू शकतं, म्हणून त्या रागावल्या. रागवायलाच पायजे.

नातीला मी माझ्या हातानं पुरली. मूठभर जीव. बोटं पुरी झाली होती.

आता गावचे पुढारी वस्तीवर येतात. "आबा, काच तुम्ही फोडली. डॉक्टर केस करंल. म्हातारपणी जेलात जाताय व्हय? मिटवून टाका."

करू दे केस. तो कागद जोडून माझी तक्रार मी माझ्या हातानं पोलिसात लिहून दिलीय, वेडीवाकडी. काच मी फोडली, कॉलर मी धरली, सोडा मी पाजला. समद्यांपुढं मोठ्यानं सांगीन. मग त्याची पाळी. मशीन कोपरापाशी असून हात का गेला न्हाई, हे त्यानं माझ्या लेकीपुढं उभं राहून सांगायचं.

ते ऐकल्याबिगर मी मरत न्हाई.