नेरची सरकी आणि माझी मिशी

बडनेऱ्याला आगगाडीतून उतरलो तेव्हा मिशीचं वेगळं तिकीट का काढलं नाही, असं तपासनीस विचारतो की काय, याची मला धास्ती होती. खोटं वाटेल, पण साताऱ्यात माझ्या मिशीच्या दोन टोकांवर दोन लिंबं राहत आणि मधे कोथिंबिरीची जुडी. बायको मिशीविषयी कधी बरं बोलली नाही, वाईटही नाही. हे ती आदरापोटी करते, असा माझा समज होता.

निघालो होतो राजूरला. माझा मावसभाऊ दत्तू तिथल्या कोळशाच्या खाणीत कारकून. वाटेत यवतमाळची एस.टी. नेरला थांबली. कापसाच्या बंड्यांची (बैलगाड्यांची) रांग एवढी लांब, की पहिली रिकामी होईपर्यंत शेवटच्या बंडीचे बैल म्हातारे होत असावेत. "अर्धा घंटा थांबते गाडी," कंडक्टर म्हणाला, म्हणून मी कडुलिंबाखालच्या न्हाव्याकडे गेलो.

त्याचं नाव किसनभाऊ. गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि हा पितळी वाटीत फेस करतोय. शिंगाच्या मुठीचा ब्रश भिजवला, झटकला, साबणावर फिरवला. मग वाटीत गोल गोल, आणि बोटाच्या टोकावरून पाण्याचा एकेक थेंब. मला राहवेना.

"अहो, एवढ्यात माझ्या मिशीखाली दुसरी मिशी उगवेल! मी तीन फेऱ्यांत वाटीभर फेस काढतो."

त्यानं मान वर केली नाही. "फेस तं कोनीबी काढते जी. उभा राह्यला पाह्यजे न."

खाली सांडलेली एक सरकी उचलून त्यानं फेसावर ठेवली. पूर्ण दाढी झाली, गिऱ्हाईक उठून गेलं, तरी सरकी वरच. तिला मोड फुटायचाच बाकी होता.

मी चिडलो. "पुढच्या बाजारच्या दिवशी परत येतोय, तेव्हा हीच परीक्षा! माझी सरकी आधी बुडाली तर ही मिशी तुमच्या वस्तऱ्याखाली."

बंडीवाले बैल सोडून भोवती जमले. किसनभाऊनं मिशीकडे पाहिलं, मग हातातल्या ब्रशकडे. "अन् माही बुडाली तं हा ब्रश तुमचा. बापाचा हाये."

तेवढ्यात गाडीचा भोंगा वाजला.

राजूरला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तूच्या अंगणात सरावाला बसलो. पाणी असं जड, की साबण नासक्या दुधासारखा फुटला. वर कोळशाची धूळ. गालाला फासलं ते डांबर होतं, फेस नव्हे. शेजारच्या दारातून हसू आलं. ते होते सुखदेवभाऊ, खाणीत उतरणारे.

"पाहुणे, त्या पान्यात साबन मरते. या इकडं."

त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर होती. दीक्षा घेऊन दोन वर्षं झाली होती. आदल्या दिवशी उकळून निवळत ठेवलेलं पाणी त्यांनी वरवरचं काढलं. कपडे धुण्याच्या साबणाची वडी किसून घेतली आणि वाटी बाजूला सारून फेस थेट माझ्या गालावरच उभा केला, इतक्या सावकाश की मला डुलकी लागली.

"कुठं शिकलात हो?" मी विचारलं.

"गावच्या न्हाव्यानं आमच्या तोंडाले हात नाही लावला. मंग आमीच एकमेकाची करून शिकलो. पह्यले लय कापलं. माह्या काकाच्या कानाले इचारा!" ते हसले. "एक ध्यानात ठेवजा जी. पानी थेंबानं. घाई केली का फेस नुसता फुगते."

मी मान डोलावली. मान डोलावायला माझ्याइतका तरबेज माणूस चार जिल्ह्यांत नाही.

परतताना केळापूरच्या अलीकडे एस.टी. बिघडली. जवळच बंजाऱ्यांचा तांडा होता. "आव, बेस (ये, बस)," म्हणून एका म्हाताऱ्या याडीनं (आईनं) ज्वारीची भाकरी आणि असा ठेचा दिला की माझे कान शिटी देऊ लागले. ती घोंगडी धूत होती. घमेल्यात रिठ्याचं पाणी, आणि एका घुसळणीत फेस तिच्या कोपरापर्यंत! माझ्या डोक्यात दिवा लागला. एक बाटली भरून मागून घेतली. याडीनं खुणेनं बजावलं, डोळ्यांना लावू नकोस.

नेरला माझी आणि मिशीची वाट पाहत निम्मा बाजार जमला होता. मी साबणात पाणी म्हणून गुपचूप बाटली ओतली आणि ब्रश फिरवला. फेस वाटीबाहेर आला, मनगटावर चढला, एका बैलाचं शिंग त्यानं झाकलं. "वा राजेहो!" लोक ओरडले. किसनभाऊची वाटी अजून अर्धीच. दोन्हींवर सरक्या ठेवल्या.

माझी सरकी थांबलीसुद्धा नाही. सरळ खाली गेली आणि तळाला 'टक्' वाजलं.

"पाहुन्याचा फेस पाहुन्यासारखाच हाये," एक बंडीवाला म्हणाला, "लय बोलते, टिकत नाही!"

किसनभाऊनं माझी वाटी हुंगली. "रिठा! घोंगडीसाठी बरा हाये जी. तुमाले कोनी सांगतलं नाही काय, पानी थेंबानं?"

"सांगितलं होतं." मी सुखदेवभाऊंची हकीकत सांगितली, न्हाव्यानं हात न लावल्याची गोष्टही. किसनभाऊचा वस्तरा पट्ट्यावर थांबला.

"हात नाही लावला, ते आमच्यातलंच कोनी असन," तो म्हणाला. "पुना गेले तं त्याहीले सांगजा, नेरले या. मी त्याहीची दाढी करतो, अन् ते माही करतीन. मले पाहाचं हाये."

मग त्यानं आपला फेस माझ्या ओठावर चढवला. असा मऊ, की मिशी गेली ते मला बंडीवाल्यांच्या सुस्काऱ्यावरून कळलं. केस त्यानं पुडीत बांधून दिले. बुडालेली सरकी मी स्वतःच खिशात टाकली.

घरी पुडी बायकोसमोर ठेवली आणि मिशी वाघाशी लढताना गेल्याची गोष्ट सुरू केली. वाघ झेप घेणार, तोच तिनं पुडी उघडली.

"एवढीशीच होती?"

मिशी मी पुन्हा वाढवली नाही. राजूरला दत्तूमार्फत किसनभाऊचा निरोप मात्र पोचवला. आता रोज सकाळी पाणी थेंबानं घालतो आणि फेसावर तीच सरकी ठेवतो. पंधरा दिवस ती रोज बुडाली. परवा दाढी आटपेपर्यंत वरच बसून राहिली. हे मात्र खरं आहे. हवं तर बायकोला विचारा.