खात्रीचं हरीण

मी चौथी शिकलेला माणूस. पण गावाकडं रानडुकराचा माग काढायला मलाच बोलावणं यायचं. इंग्लंडात ब्रॅकनेलला मुलाकडं राहायला आलो तेव्हाच मनात धरलं होतं, डोळा शाबूत आहे तोवर एकदा स्कॉटलंडच्या डोंगरात हरणावर गोळी टाकायची. मुलगा म्हणाला, "अण्णा, गाइडशिवाय तिथं बंदुकीला हात लावू देत नाहीत."

मला रान दाखवायला भाड्याचा माणूस! दोन दिवस मी मुलाशी बोललोच नाही. मग म्हटलं, बघू तरी.

फोन सूनबाईनं लावले. ती इथंच जन्मलेली. पहिला गाइड साखरेहून गोड. हॉटेल बघतो, स्टेशनवर घ्यायला येतो, आणि शिंगं घेऊनच घरी जाल, गॅरंटी!

"अण्णा, हा बेस्ट आहे. बुक करू?"

"थांब. रानातल्या जनावराची खात्री देतोय, म्हणजे ह्यानं कुंपणात कोंडलं असणार. विचार, वारा फिरून हरणाला आपला वास गेला तर काय करणार?"

तिनं विचारलं. म्हणे, डोन्ट वरी. ज्याला वाऱ्याची काळजी नाही तो कसला शिकारी? मी फोन ठेवायला लावला.

दुसरा तुसडा निघाला. वारा फिरला तर? "घरी परत." हरीण नाही दिसलं तर? "नाही दिसलं." मला जरा बरं वाटलं. तेवढ्यात सूनबाईनं रिसीव्हरवर हात ठेवला.

"रागावू नका हं. तो म्हणतो, आधी टार्गेटवर गोळ्या मारून दाखवायच्या. नेम चुकला तर डोंगरावर नेणार नाही. सगळ्यांना हा रूल आहे."

माझी परीक्षा! मुलगा सोफ्यावरून म्हणाला, "अण्णा, चष्मा विसरू नका."

ते फार लागलं. पण आम्ही तरी काय करायचो? शहरातला पाहुणा बंदूक मिरवत आला की बांधावर मडकं ठेवायचं. मडकं वाचलं, की पाहुण्यानं दिवसभर चुलीपाशी बसायचं. म्हणजे रीत बरोबर होती. माणसाचा मात्र भरवसा नव्हता. बंदूक त्याची. तीच वाकडी मारत असली तर नाव माझं जाणार.

"सांग त्याला, मी येतो. पण त्याच बंदुकीनं आधी त्यानं मारायचं, माझ्यासमोर."

"अहो अण्णा, रूड वाटेल ते!"

"सांग."

तिनं चाचरत सांगितलं. गेलं हातचं, असं मला वाटलं. मग सूनबाई एकदम हसली.

"अण्णा, तो विचारतोय, कधी येता?"

मुलाकडं न बघता मी चष्मा पुसायला घेतला.