पायसची खुळखुळणारी बंदूक

वेदीवरचं मोठं कापड निम्मं इस्त्री करून झालं होतं. उरलेलं निम्मं जमिनीला लागू नये म्हणून रोझिनाने दोन खुर्च्या जोडून, त्यांवर धुतलेली चादर अंथरून, तिच्यावर सोडलं होतं. हे कापड ओलसर असतानाच इस्त्री करावं लागतं. एकदा वाळलं की त्याची सुरकुती हटता हटत नाही. चर्चची वस्त्रं धुवायचं काम बायकांनी महिने वाटून घेतलेलं, आणि सप्टेंबर महिना गेली एकतीस वर्षं रोझिनाकडे होता. वस्त्रं पवित्र, म्हणून पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही, मातीला द्यायचं. ते तिने सकाळीच अंगणातल्या लायलॅकच्या झुडपाच्या मुळाशी घातलं होतं. गुडघे तेव्हापासून ठणकत होते.

तिचा नवरा वेंडेलिन दारात येऊन उभा राहिला. डोक्यावर टोपी, अंगात बाहेर जायचा कोट. कोटाची दोन बटणं चुकीच्या काजात.

"एग्बर्टचं दुकान बाराला जेवायला बंद होतं," तो म्हणाला.

"मग?"

"मग आत्ता निघायला हवं."

कशाला, हे तिने विचारलं नाही. दहा दिवसांनी बदकांच्या शिकारीचा हंगाम उघडणार होता, आणि गेला आठवडाभर तो जेवताना एकच विषय काढत होता: बंदूक नवी घ्यावी की जुनी. गाडी तो चालवू शकत नव्हता. हातांचं थरथरणं वाढल्यावर डॉक्टरांनी त्याचा परवाना काढून घेतला होता. म्हणजे त्याला जिथे जायचं तिथे रोझिनानेच न्यायचं.

त्याची स्वतःची बंदूक गेल्या वर्षी तळ्यात गेली. होडीत उभा राहून नेम धरला, हात हलला, आणि चाळीस वर्षांची सोबतीण बुडबुडे सोडत गाळात उतरली. त्या संध्याकाळी रोझिनाने मनोमन देवाचे आभार मानले होते. नंतर तेच टोचायला लागलं, म्हणून पापनिवेदनात तिने ते फादरना सांगितलंही. फादर स्वतः बदकांचे शौकीन. जाळीपलीकडून आधी उसासा आला, मग प्रश्न: "तळ्याच्या कुठल्या बाजूला पडली?"

तिने इस्त्रीची वायर काढली. कापडावर ओला टॉवेल टाकला. आज आपण सांगायचंच, असं तिने ठरवलं होतं. वाक्य लहान होतं: वेंडेल, आता पुरे. एवढंच. पण ते शब्द तिच्या तोंडून गेले की त्याच्याकडे काय उरलं? नांगर गेला, गाडी गेली, पत्त्यांचा डावही गेला, कारण पानं हातात ठरत नाहीत.

वाटेत दोन्ही बाजूंना कापलेल्या गव्हाची खुंटं होती, आणि अकरा मैल समोरून कुणी आलं नाही.

"जुनी बघ की एखादी, घ्यायचीच असेल तर," ती म्हणाली. वाक्य भलतंच निघालं होतं.

"नवीला आपण हवं ते वळण लावतो. जुनीत दुसऱ्याच्या खोडी येतात."

"नवराही तसाच असतो."

"तू तर नवाच घेतला होतास."

"म्हणून तर सांगते."

तो हसला, पण त्याचा चेहरा आताशा हसण्याला नीट साथ देत नसे.

एग्बर्टच्या दुकानात खिळे, कुत्र्यांचं खाणं आणि दाव्याचे दोर यांच्या पलीकडे बंदुकांची भिंत होती. एग्बर्टने एक पंपाची नवी बंदूक काढून दिली. पुढची मूठ मागे ओढायची, पुढे ढकलायची. रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. तेलाचा वास येत होता. वेंडेलिनने ती हातात घेतली तशी नळीचं टोक हवेत बारीक बारीक गोल काढू लागलं. एग्बर्ट भला माणूस. तो तेवढा वेळ गल्ल्यातली नाणी बघत राहिला.

"कंपनीची आयुष्यभराची हमी आहे," तो म्हणाला.

"कुणाच्या आयुष्याची?" वेंडेलिनने विचारलं. "रोझी, धर जरा."

"मी?"

"माझे हात दुखतात."

तिने धरली. जड होती, आणि खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता तिच्या काखेबाहेर गेला.

"आखूड दस्त्याची असते का?" वेंडेलिनने एग्बर्टला विचारलं.

"असते. नातवासाठी का? मागवावी लागेल. नाताळच्या सुमारास येईल."

"नाताळपर्यंत कोण थांबतंय," वेंडेलिन म्हणाला. रोझिनाला वाटलं, खांदे आत वळलेत त्याचे, हात लांब होत नाहीत, म्हणून आखूड मागतोय.

मग एग्बर्टने सरकारी फॉर्म काढला. नवी घ्यायची तर तो घेणाऱ्याने स्वतःच्या हाताने भरायचा. वेंडेलिनने पेन धरलं. आडनावाचं पहिलं अक्षर रकान्यातून निघालं ते खालच्या रकान्यात जाऊन पडलं.

"दोन साक्षीदार असले की दुसऱ्याने लिहिलं तरी चालतं," एग्बर्ट हळूच म्हणाला. "समोरून कॅफेतून कुणाला तरी बोलावतो."

"नको." वेंडेलिनने पेन अगदी सरळ रेषेत फॉर्मवर ठेवलं. "दोन माणसांसमोर अंगठा उठवून बदकं मारायची नाहीत मला."

गाडीत बसल्यावर रोझिनाने किल्ली फिरवली नाही. आता सांगावं, अशी ही वेळ होती. हवं ते आयतं झालं होतं, आणि तिला आनंद होत नव्हता.

"वेंडेल," तिने सुरुवात केली.

"टिलीकडे घे," तो म्हणाला. "पायसची असेल अजून तिच्याकडे."

टिली म्हणजे वेंडेलिनचा जुना दोस्त पायस याची विधवा. पायस गेल्याला दोन वर्षं होऊन गेली होती. तिने दोघांना आधी टेबलाशी बसवलं, मनुकांचं कूखेन, म्हणजे घरचा जर्मन केक, कापलं, कॉफी ओतली. बंदुकीचं नाव काढल्यावर तळघरातून ती रजईत गुंडाळलेली घेऊन आली. नळीचा काळा रंग हाताच्या जागी उडून करडा झाला होता.

"खरं सांगते, बिघडली आहे," टिली म्हणाली. "वाकडी केली की आत खुळखुळतं. पुतण्याने बघितली आणि ठेवून गेला. देशील ते दे."

वेंडेलिनने ती रिकामी असल्याची खात्री करून घेतली, मग कानाजवळ तिरपी केली. खुळ्. पुन्हा तिरपी केली. खुळ्. तशीच घेतली असती तर अर्ध्या किमतीत आली असती. रोझिना त्याच्याकडे बघत राहिली.

"बिघडलेली नाही, टिली. आत लाकडाची काडी आहे. बदकांच्या शिकारीला तीनच काडतुसांची परवानगी असते, म्हणून खालच्या काडतुसांच्या नळीत काडी घालून जागा अडवतात. पायसने..." त्याने त्या नळीचं टोपण काढायला बंदूक रोझिनाकडे दिली, तिने ते फिरवलं, आणि आतून वीतभर निळी काडी घरंगळली. "पायसने झाडूचा दांडा कापला होता."

टिलीने ती हातात घेतली. "माझा निळा झाडू. मी शेजारणीवर आळ घेतला होता, आणि तिच्याशी वर्षभर बोलले नाही."

"आता बोल."

"ती पण गेली."

थोडा वेळ तिघांनी कॉफी प्यायली.

मग वेंडेलिनने खिडकीकडे नळी धरून आत बघितलं, तोंडाजवळचा आकडा वाचला, आणि मान हलवली. "बदकांना हिचा उपयोग नाही. तोंड फार आवळलेलं आहे. पाण्यावर आता शिशाचे छर्रे चालत नाहीत, लोखंडी लागतात, आणि ते हिच्यातून झाडले तर नळी फुगेल."

रोझिनाने डोळे मिटले. संपलं. देवाने आपल्याला ते वाक्य बोलू दिलं नाही, हे बरंच केलं. इतकं थकल्यासारखं वाटलं की टिलीच्या टेबलावर डोकं टेकावं.

"घेतो," वेंडेलिन म्हणाला.

"काय घेतोस? आत्ता म्हणालास उपयोग नाही."

"बदकांना नाही म्हणालो. उभी राहा."

"वेंडेल, मी दमलेय."

"एकदाच उभी राहा."

ती उठली. त्याने तिचा उजवा हात कोपरात वाकवला, दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवलं आणि तिचं बोट चापाकडे नेऊ पाहिलं. बोट पोचेना. त्याचा हात थरथरत होता, म्हणून दस्ताही थरथरत होता, आणि तिचं कोपरही.

"सव्वा इंच जास्त," तो म्हणाला. "नव्याकोऱ्या बंदुकीला करवत लावायला कुणाचं मन होतं? हिचं दुःख कुणाला नाही. पायसला तर नाहीच."

टिली उगाचच कपाटातून साखर शोधायला गेली.

ऑगस्टमध्ये स्कंकने, त्या दुर्गंध फवारणाऱ्या काळ्या-पांढऱ्या जनावराने, चार कोंबड्या मारल्या होत्या. रोझिना झाडू घेऊन खुराड्याच्या दारात उभी होती आणि वेंडेलिन खिडकीच्या काचेमागे, बूट पायात जाईनात म्हणून. त्याच महिन्यात मुलाचा फोन आला होता: शहरात दोन खोल्या घ्या, शेत विका. ती म्हणाली होती, मी इथून हलणार नाही, एकटी राहिले तरी. तिला वाटलं होतं, वेंडेलिनने ऐकलंच नसेल.

"मला नकोय ती," घरी येताना ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"मी स्कंकवर गोळी झाडणार?"

"चारदा चुकशील. आवाजाने पळेल. कोल्हाही पळेल. काडी काढून टाकलीय, पाच काडतुसं बसतील."

"आणि तू कुठे असणार तेव्हा?"

त्याने मांडीवरचे हात एकात एक अडकवून दाबून धरले होते. "खिडकीत असेन, जमेल तितके दिवस," तो म्हणाला. "बदकं पुरे झाली मला, रोझी. गेल्या वर्षीच झाली होती. तू रोज तोंडाशी काहीतरी आणायचीस आणि गिळायचीस, म्हणून म्हटलं, आपणच सांगावं."

"मग आठवडाभर नवी की जुनी, नवी की जुनी काय चाललं होतं?"

"नवी द्यायची होती तुला. लग्नानंतर नवं काय दिलंय मी? फॉर्म भरता आला नाही."

तिला राग आला होता, आणि तो कशावर काढावा ते कळत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "कोटाची बटणं चुकलीत तुझी. सकाळपासून तसाच गावभर फिरतोयस."

"मग सांगायचंस."

"तेही गिळलं."

घरी टॉवेलखालचं कापड कडेने वाळलं होतं. सुरकुती धरलीच होती. रोझिनाने वाटीत पाणी घेऊन बोटांनी शिंपडलं, इस्त्री तापू दिली, आणि मध्यापासून कडेकडे पुन्हा सुरुवात केली. बंदूक रजईसकट दारामागे उभी होती. वेंडेलिन खुर्चीत बसल्या बसल्या पेंगला. त्याच्याने घडी करायला मदत होत नव्हती, आणि या कापडाची घडी करायचीच नसते. ते पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळायचं असतं. तिने एकटीने गुंडाळलं, घट्ट, हळूहळू, वाटेत दोनदा थांबून. एक सुरकुती राहिली. ती मागच्या बाजूला येईल असं तिने बघितलं. देवाला दिसेल, पण त्याला सकाळपासूनचं सगळंच दिसलं असणार.

शनिवारी सकाळी कापड चर्चमध्ये पोचवायचं होतं. तिथून पुढे सुतार क्लेमेन्सकडे जाऊन दस्ता सव्वा इंच कापून आणायचा होता.